जेवण अंगी का लागत नाही? सिकलसेल असलेल्या मुलाच्या आईला उत्तर

वाचकाचा प्रश्न : सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातून एका आईने पत्र लिहिले आहे. पती-पत्नी दोघेही मूळचे वर्धा जिल्ह्यातील. पतीच्या नोकरीमुळे काही वर्षांपासून हे कुटुंब इकडे राहते. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एसएस प्रकार (सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आलेला) आहे. त्याचे वजन १९ किलो असून वर्गात तोच सर्वांत बारीक दिसतो. तो दोन्ही वेळा भाकरी खातो, दूध घेतो, तरी अंग धरत नाही. सासूबाईंना वाटते की सून लक्ष देऊन जेवू घालत नाही. शाळेतल्या बाईंनीही ‘मूल कुपोषित दिसते’ असे सांगितले. अलीकडे बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासले तेव्हा काहीही दुखत नसताना त्याचा सीआरपी (शरीरातील सूज दाखवणारे रक्तातील प्रथिन) आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. शरीरात आतून सूज आहे, त्याचे शरीर इतरांपेक्षा जास्त ऊर्जा जाळते, म्हणून हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू करावे, असे त्यांनी सांगितले. घरी याचा अर्थ ‘अंगात उष्णता आहे’ असा लावला गेला आणि शेंगदाणे, गूळ, अंडी, मटण बंद करून सब्जा आणि दुधी भोपळा सुरू झाला. हे औषध कर्करोगात देतात असे वाचल्यामुळे पतीने ते थांबवून ठेवले आहे. त्यांच्या एका चुलतभावाला हाच आजार असून तो औषधाशिवाय शेतात राबतो, असेही ते म्हणतात. शेजारणीने रक्तवाढीसाठी लोहाचे टॉनिक आणून दिले आहे. धाकटी मुलगी चार वर्षांची असून तिची तपासणी झालेली नाही. आई विचारते : ‘त्याला जास्त खाऊ घालू की कमी? दुखत नसताना रोज एवढे कडक औषध का द्यायचे? आणि आई म्हणून माझे नेमके कुठे चुकते आहे?’

उत्तर :

ताई, तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचे उत्तर आधी देते, कारण ते मनात ठसल्याशिवाय बाकीच्या दोन प्रश्नांकडे तुम्हाला शांतपणे पाहता येणार नाही. तुमच्या मुलाचे वजन वाढत नाही याचे मूळ तुमच्या स्वयंपाकात नाही. घरातले सगळे त्याच्या ताटाकडे पाहत आहेत. ताटात काय वाढले, किती खाल्ले, किती टाकले, यावरून तुमची परीक्षा घेतली जात आहे. पण वजन ठरते ते दोन बाजूंनी : पोटात किती गेले आणि शरीराने किती खर्च केले. सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये ही दुसरी बाजू नेहमीच्या मुलांपेक्षा मोठी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. उसाच्या फडाकडेला ट्रॅक्टर इंजिन चालू ठेवून तासभर उभा राहिला, तर ट्रॉली जागची हलली नाही तरी डिझेल जळतेच. तुमच्या मुलाच्या शरीरात तो अंथरुणावर पडलेला असतानाही असेच काहीसे चालू असते.

हे का होते, ते थोडे सविस्तर सांगते, कारण सासूबाईंना आणि मुलाच्या वडिलांना तुम्हालाच समजावून सांगावे लागणार आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेतील एका लहानशा बदलामुळे, प्राणवायू सोडून दिल्यानंतर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि पेशी ताठर, विळ्यासारखी होते. अशी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींची भरपाई करण्यासाठी हाडांतील मगज अखंड नवीन पेशी तयार करत राहतो, आणि त्यासाठी त्याला ऊर्जा लागते, प्रथिने लागतात, फॉलिक ॲसिड लागते. रक्त कमी असल्यामुळे हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त पुढे ढकलावे लागते, तोही खर्च. शरीरातील प्रथिने मोडण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा वेगही या मुलांमध्ये वाढलेला असतो, आणि एवढे बांधकाम होऊनही त्यातले फार थोडे उंचीच्या आणि वजनाच्या खात्यात जमा होते.

आता सुजेकडे वळते. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितले, त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘काहीही दुखत नसताना’ हा आहे, आणि नेमका तोच घरात कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. आपण सगळे असे धरून चालतो की हातपाय दुखू लागले, मूल कळवळू लागले, म्हणजे आजार आला. दुखणे थांबले की आजार गेला. सिकलसेलमध्ये हे खरे नाही. ताठर पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि ते अस्तर डिवचले जाते. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन थेट रक्तात सांडते आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला निकामी करते. एखाद्या बारीक जागी रक्त अडते, पुन्हा सुरू होते, आणि या अडण्या-सुटण्यातूनही ऊतींना इजा होते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या सगळ्याला जणू जंतुसंसर्ग झाला आहे असाच प्रतिसाद देतात. इंटरल्युकिन-६ सारखी रसायने रक्तात वाढतात, त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी तयार करते, आणि तुमच्या हातातल्या कागदावर तो आकडा वर गेलेला दिसतो. मूल बाहेरून हसत-खेळत असते, गृहपाठ करत असते, आणि आत मंद आंचेवर हे सारे चालूच असते. याच रसायनांमुळे भूकही मंदावते. म्हणजे खर्च वाढतो आणि त्याच वेळी खाण्याची इच्छा कमी होते. वाढलेल्या खर्चाला केवळ सूजच जबाबदार आहे असे मात्र समजू नका. वर सांगितलेला मगजाचा आणि हृदयाचा वाटाही त्यात मोठा आहे.

हा जास्तीचा खर्च किती, हे मोजता येते. मूल शांत पडलेले असताना ते किती प्राणवायू वापरते यावरून विश्रांतीतील ऊर्जाखर्च काढतात, आणि सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये तो साधारण १० ते २० टक्क्यांनी जास्त आढळतो. १९ किलो वजनाच्या मुलाचे शरीर नुसते पडून राहिले तरी दिवसाला अंदाजे ९०० ते ९५० किलोकॅलरी वापरते. त्यावर १० ते २० टक्के म्हणजे ९० ते १९० किलोकॅलरी. मूठभर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत साधारण १४० किलोकॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने असतात. ताई, हा हिशेब मी मुद्दाम मांडते आहे. एका दिवसाची तूट पाहिली तर ती एका मुठीत मावण्याएवढी आहे. त्यासाठी मुलाच्या तोंडात घास कोंबण्याची गरज नाही. पण तीच तूट वर्षानुवर्षे रोज राहिली तर मूल वर्गात सर्वांत बारीक दिसते. मागे पडलेली वाढ भरून काढायला आणि दुखण्याच्या दिवसांत झालेली झीज भरायला अर्थातच यापेक्षा थोडे जास्त लागेल.

आणि नेमकी हीच मूठ तुमच्या घरात बंद झाली आहे. ‘शरीर जास्त ऊर्जा जाळते’ याचा अर्थ अंगात उष्णता साठली आहे असा नाही. शंका असेल तर थर्मामीटर लावून पाहा. बऱ्या दिवशी त्याचे तापमान तुमच्या-माझ्यासारखेच भरेल. सब्जा किंवा दुधी भोपळा त्याला अपाय करणार नाही, पण त्याने ही सूज उतरत नाही, आणि पोट मात्र कमी ताकदीच्या अन्नाने भरते. शेंगदाणे, अंडी, गूळ, मटण, मासे, डाळी यांपैकी एकाही पदार्थाने सिकलसेलमधली सूज वाढत नाही. सासूबाईंनी हे पदार्थ काळजीपोटी बंद केले असतील, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही हे पथ्य आजपासून सोडून द्या, असे मी स्पष्ट सांगते.

काय वाढायचे याचे उत्तर तुमच्या भागातल्या चुलीवरच आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर दाण्याच्या कुटाचा म्हाद्या, वर चमचाभर कच्चे तेल, मुगाचे किंवा मटकीचे मोड आलेले कढण, घेवड्याची उसळ, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, एक अंडे, तुमच्याकडे चालत असेल तर, आणि शाळेच्या डब्यात भाकरी-भाजीसोबत एक शेंगदाणा-गुळाचा लाडू किंवा तासगावकडचे मूठभर बेदाणे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात. तुमच्या मुलाने त्याहून थोडे पुढे गेले पाहिजे, आणि वरच्या पदार्थांतून ते सहज साधते. ताटात एकदम जास्त वाढू नका. ही मुले लवकर दमतात, मोठे ताट पाहूनच त्यांची भूक मरते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या, आणि भाकरीची संख्या वाढवण्यापेक्षा त्याच भाकरीवर तेल, कूट, दही, लोणी वाढवा. महागड्या प्रथिनांच्या डब्यांवर पैसे घालवू नका. त्या पैशांत महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे येतात. सांगलीच्या हळदीबद्दलही मला अनेक पत्रांतून विचारले जाते : भाजीत, दुधात जेवढी घालता तेवढी जरूर घाला, पण सूज उतरवण्याचे औषध म्हणून चमच्याने हळद किंवा तिच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता देऊ नका. जस्त आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता या मुलांमध्ये बऱ्याचदा असते, आणि लहान मुलांना जस्त दिल्यावर वाढ सुधारल्याचे अभ्यास झालेले आहेत. पुढच्या भेटीत या दोन्हींबद्दल आवर्जून विचारा.

पाण्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण ते सांगणे मला भाग आहे. या आजारात मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे लघवी जास्त होते आणि शरीरातले पाणी लवकर कमी पडते. पाणी कमी पडले की पेशी अधिक सहज ताठरतात. तुमचा मुलगा रात्री अंथरूण ओले करत असेल तर तो हट्टीपणा किंवा आळस नाही, आणि त्यावर उपाय म्हणून संध्याकाळनंतर पाणी तोडणे तर मुळीच नको. रात्री एकदा उठवून लघवीला न्या, एवढेच करा. शाळेत बाईंना भेटून सांगा की याची पाण्याची बाटली बाकावरच राहील आणि हा हात वर करील तेव्हा त्याला लघवीला सोडावे. अनेक मुले शाळेत लघवीला जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि भरलेली बाटली तशीच घरी परत आणतात. बाटली रोज संध्याकाळी उघडून पाहा. सुट्टीत महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्ध्याला जाता तेव्हा तर त्या लांबच्या प्रवासात पाण्याकडे आणि खाण्याकडे दुप्पट लक्ष असू द्या.

दुखण्याच्या दिवसांत त्याचे खाणे खूप कमी होईल. त्या दिवसांत जबरदस्ती करू नका. पेज, माडगे, दूध, फळांचा रस असे जे घोटभर जाईल ते वारंवार द्या. खरी संधी नंतर येते. दुखणे थांबल्यावर एक-दोन आठवडे भूक परत येते, तेव्हा एखादा लाडू, एखादे अंडे जास्त द्या आणि झीज भरून काढा. आपल्याकडे नेमके उलट होते : आजारपणात सगळे घर त्याच्याभोवती असते आणि तो उठून शाळेत जाऊ लागला की सगळे आपापल्या कामाला लागतात.

शेजारणीने आणलेले टॉनिक बाजूला ठेवा. तिने आपुलकीने आणले आहे, पण तुमच्या मुलाचे रक्त लोह कमी असल्यामुळे कमी झालेले नाही. पेशी लवकर फुटतात म्हणून ते कमी आहे, आणि फुटलेल्या पेशींतले लोह शरीर पुन्हा वापरते. रक्त चढवलेल्या मुलांमध्ये तर लोह जास्त होऊन यकृताला आणि हृदयाला त्रास होऊ शकतो. काही मुलांना सिकलसेल असूनही लोहाची कमतरता असते, हेही खरे आहे. परंतु ते तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचे. फेरिटिनची (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी) तपासणी दुखणे किंवा ताप नसतानाच करा, कारण सुजेमुळे तो आकडा उगाच फुगतो आणि चुकीचा अर्थ निघतो. शाळेत या वयाच्या मुलांना आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी लोहाची आणि फॉलिक ॲसिडची असते. पुढे दहाव्या वर्षानंतर निळी मिळेल. तुमच्या मुलाने ती घ्यावी की नाही, याची डॉक्टरांची लेखी सूचना मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवा. गुळातले आणि पालेभाज्यांतले लोह मात्र घाबरण्याएवढे नसते.

आता औषधाचा प्रश्न. मुलाच्या वडिलांची भीती मला समजते आणि ती निराधार नाही. हायड्रॉक्सियुरिया रक्ताच्या काही कर्करोगांत वापरले जाते, हे त्यांनी बरोबरच वाचले आहे. परंतु एखादे औषध आणखी कुठल्या आजारात देतात यावरून ते आपल्या मुलाला काय करील हे ठरत नाही. सिकलसेलमध्ये ते वजनानुसार मोजलेल्या मात्रेत, रक्त तपासत तपासत देतात. त्याने गर्भात असताना असते ते एफ हिमोग्लोबिन वाढते आणि हे हिमोग्लोबिन दोरे तयार होऊ देत नाही. पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांचा चिकटपणा कमी होतो. पेशी फुटण्याचा वेग मंदावतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली सूज आणि जास्तीचा खर्च, या दोन्हींच्या मुळाशी ते जाते. हे औषध घेणाऱ्या मुलांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च कमी भरतो, असेही आढळले आहे. मुलांची वाढ या औषधाने खुंटत नाही.

‘दुखत नसताना का द्यायचे?’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. हे वेदनाशामक नव्हे. दुखायला लागल्यावर घेतले तर त्याचा काही उपयोग नाही. ते बऱ्या दिवसांत चालणाऱ्या आजारावरचे औषध आहे, रोज घ्यावे लागते आणि परिणाम दिसायला काही महिने जातात. अमेरिकेच्या औषध नियामकाने ते सिकलसेलसाठी प्रौढांना १९९८ मध्ये आणि मुलांना २०१७ मध्ये मान्य केले. तिकडच्या मुलांना चांगले खायला मिळते, आपल्याकडे कसे चालेल, अशी शंका पुष्कळांना येते. म्हणून सांगते की आफ्रिकेतील चार देशांत १ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दुखण्याचे प्रसंग, संसर्ग आणि मृत्यू या औषधाने कमी झाल्याचे दिसले.

त्याची किंमतही मोजावी लागते, ती लपवत नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट प्रमाणाबाहेर उतरू शकतात, म्हणून सुरुवातीला साधारण दर महिन्याला आणि मात्रा बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी चुकवता येत नाही. नखे काळसर होऊ शकतात. मुलगा मोठा झाल्यावर शुक्राणूंच्या संख्येवर परिणाम होण्याची शक्यता असते, तिच्याबद्दल डॉक्टरांशी आजच मोकळेपणाने बोला. कॅप्सूल उघडून पावडर हाताळू नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने ती हाताळूच नये. तपासणीला नियमित जाणे तुम्हाला शक्य नसेल, तर औषध सुरू करण्याआधी ती सोय लावा. तपासणीविना हे औषध मी कुणालाच सुचवणार नाही.

चुलतभावाचे उदाहरण वडिलांना पटते, कारण ते डोळ्यांसमोरचे आहे. पण भारतातील सिकलसेल सर्वांमध्ये सारखा नसतो. काहींच्या रक्तात एफ हिमोग्लोबिन जन्मतःच बरेच असते आणि त्यांचा आजार सौम्य राहतो; काहींचा, अगदी त्याच कुटुंबात, तीव्र असतो, आणि विदर्भातील कित्येक मुले तीव्र आजाराने त्रस्त आहेत. तुमच्या मुलाच्या हिमोग्लोबिनच्या जुन्या अहवालात एफचा आकडा लिहिलेला असेल. तो डॉक्टरांपुढे ठेवा आणि वडिलांनाही सोबत न्या. त्यांना लगेच निर्णय घ्यायचा नसेल तर तीन महिन्यांची मुदत घ्यावी, त्या काळात आहार सुधारावा, दुखण्याचे दिवस आणि शाळेतल्या गैरहजेऱ्या कॅलेंडरवर खुणा करून नोंदवाव्यात, आणि मग पुन्हा बसून ठरवावे. हे मला मान्य आहे. ‘पुढे बघू’ म्हणून वर्षे जाऊ देणे मात्र मान्य नाही. माझे मत विचाराल, तर बऱ्या दिवशी सूज वाढलेली आणि वाढ मागे पडलेली असताना मी हे औषध सुरू करण्याच्या बाजूने आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती : वडील त्याला ‘आळशी’ म्हणतात, कारण शाळेतून आल्यावर तो कोपऱ्यात बसून राहतो. या मुलांची दिवसभराची हालचाल इतर मुलांपेक्षा कमी असते असे दिसून आले आहे. मिळकत कमी आणि खर्च जास्त असताना शरीर जिथे शक्य आहे तिथे काटकसर करते. त्याला रागावू नका आणि त्याच्यावर खेळण्याची बंदीही घालू नका. त्याला दमल्यावर स्वतःहून थांबू द्यावे, मध्येमध्ये पाणी प्यावे, उन्हाच्या भरात खेळू नये. प्लीहा (डाव्या बरगडीखालचा, जंतूंशी लढणारा अवयव) वाढलेली असेल तर कुस्ती आणि कबड्डी नको, हे तालमींच्या मुलखात सांगणे जिवावर येते, पण पोटावर मार बसण्याचा धोका खरा आहे. थंडीत विहिरीत किंवा कृष्णेत पोहायला पाठवू नका, आणि पावसात भिजून आला तर लगेच कपडे बदला.

सासूबाईंना वगळून हे काही साधणार नाही. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि वाढीच्या तक्त्यावर मुलाची उंची-वजनाची रेघ डॉक्टरांना त्यांच्यासमोर काढायला सांगा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की तुमच्यावरचा आरोप आपोआप सैल होईल, आणि लाडू वळण्याचे काम त्या आनंदाने स्वतःकडे घेतील. वजन रोज करू नका; तीन महिन्यांनी, त्याच काट्यावर, उंचीसह करा. अशा मुलांचे वयात येणे एक-दोन वर्षे उशिरा होते आणि उंचीही मागाहून भरते, म्हणून शेजारच्या मुलाच्या खांद्याशी त्याची मापे लावू नका.

घरात काही गोष्टी पाठ असाव्यात. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला की रात्र असो वा सण, सरळ रुग्णालय गाठायचे. या मुलांची प्लीहा जंतूंशी नीट लढू शकत नाही, आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर रक्तातील पेशीही मोजाव्या लागतात. डाव्या बरगडीखाली प्लीहा कशी चाचपायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. ती अचानक मोठी लागली आणि मूल पांढरेफटक पडले तर एक क्षणही थांबू नका. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल नेमून दिलेल्या मात्रेत चालते. दुकानातून आणलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या वारंवार दिल्यास मूत्रपिंडांना इजा होते. न्यूमोकोकसची आणि टायफॉइडची लस राहिली असेल तर पूर्ण करा.

सांगली-साताऱ्याकडे हा आजार विदर्भ किंवा नंदुरबारइतका सर्रास दिसत नाही, त्यामुळे रात्री-अपरात्री भेटणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या मुलाची माहिती असेलच असे नाही. एसएस असल्याचा अहवाल, नेहमीचे हिमोग्लोबिन, रक्तगट आणि चालू औषधे एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे सासूबाईंनाही ठाऊक असू द्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागात नाव नोंदवा. हेच मी साताऱ्याच्या वाचकांना जिल्हा रुग्णालयाबाबत सांगेन. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी आणि उपचार या दोन्हींचा समावेश आहे, तेव्हा हायड्रॉक्सियुरिया तिथे मिळते का याचीही चौकशी करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. एसटीच्या प्रवासातील सवलतीबद्दल आगारात विचारा.

आणि धाकटीची तपासणी याच महिन्यात करून घ्या. तुम्ही दोघेही वाहक (स्वतःला आजार नाही, पण एक सदोष जनुक आहे असे) असाल तर प्रत्येक अपत्याला आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि थोरल्याला झाला म्हणून धाकटीची सुटका झाली असे होत नाही. साध्या चाळणी चाचणीवर न थांबता हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी सांगा, कारण वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिच्यातूनच कळतो.